शेलमध्ये नांदेड कसं दिसतं?

पायथनच्या शेलमध्ये २ + ३ लिहून एंटर मारलं की खाली ५ येतं. 'छाप' असं आपण सांगितलेलं नसतं. वाचायचं, मोजायचं, उत्तर दाखवायचं आणि पुढच्या ओळीची वाट बघायची, ही रीत १९६० च्या दशकात लिस्प भाषेनं रुजवली. पण दाखवायचं कुणासाठी?

पायथननं याची दोन उत्तरं ठेवली. 'प्रिंट' म्हटलं तर वाचणाऱ्यासाठी. नुसतं व्हेरिएबलचं नाव लिहिलं तर प्रोग्रामरसाठी, म्हणजे अवतरणचिन्हांसकट, आत नेमकं काय आहे ते. या दुसऱ्या रूपाला 'रेप्र' म्हणतात.

मी नांदेडला शिकत होतो तेव्हा आमच्या लॅबमध्ये उबुंटू आणि पायथन २.७ होतं. रूममेट लातूरचा. आम्ही दोघांच्या गावांची नावं युनिकोडमध्ये एका यादीत घातली. एकटं 'नांदेड' प्रिंट केलं तर छान दिसायचं. अख्खी यादी प्रिंट केली की दोन्ही गावं गायब! त्यांच्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे. 'न'चा ०९२८, 'ल'चा ०९३२. कारण यादी छापताना आतल्या प्रत्येक गोष्टीचं रेप्र वापरलं जातं, आणि पायथन २ चं रेप्र इंग्रजी मुळाक्षरं, आकडे नि नेहमीची चिन्हं सोडून बाकी सगळ्याचे कोड दाखवायचं. कुठल्याही स्क्रीनवर सुरक्षित राहावं म्हणून. सुरक्षित कुणाच्या दृष्टीनं, हे वेगळं सांगायला नको. 'नांदेड' डोळ्यांना तीन अक्षरं, पण कोड मोजले तर सहा, त्यामुळे चूक शोधायची म्हणजे तक्ता समोर घेऊन बसायचं.

हाच जाच जपानी लोकांनाही होता. २००८ साली अत्सुओ इशिमोतो यांनी पेप ३१३८ हा प्रस्ताव मांडला: जे अक्षर छापता येतं ते रेप्रनं तसंच दाखवावं. जिथं अक्षरं उमटणारच नाहीत अशा टर्मिनलचं काय, ही शंका रास्त होती. म्हणून जुन्या वागणुकीसाठी 'अस्की' नावाचं वेगळं फंक्शन ठेवलं गेलं. ३ डिसेंबर २००८ ला पायथन ३.० आलं आणि शेलमध्ये नांदेड नांदेडसारखं दिसायला लागलं. म्हणजे आमच्या लॅबमधल्या त्या दुपारी हा प्रश्न जगात सुटलेला होता; आमच्या मशीनपर्यंत उत्तर पोचलं नव्हतं, एवढंच. पायथन २ चा अधिकृत सांभाळ तर थेट १ जानेवारी २०२० ला थांबला.

सगळे कोड मात्र गेले नाहीत, आणि ते बरंच झालं. 'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या. त्यातला आडवा र दोन प्रकारे टाइप होतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. प्रिंट केल्यावर दोन्ही बहुधा हुबेहूब सारखे दिसतात, पण तुलना केली की शेल 'फॉल्स' म्हणतो. माणूस चक्रावतो. रेप्र मात्र ते जोडचिन्ह छापण्याजोगं मानत नाही आणि शब्दाच्या मधोमध त्याचा कोड, २००डी, उघडा ठेवतं.

म्हणून मराठी नावांची फाइल हाती आली की मी आधी प्रिंट करत नाही. नुसतं व्हेरिएबलचं नाव लिहितो आणि एंटर मारतो.