स्लाऊची वीज आणि कुलाब्याच्या चुंबकी कड्या

स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधून कधी गेलात, तर त्या अवाढव्य, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती तुमच्या नजरेतून सुटणार नाहीत. १९२० साली इथे लष्कराच्या जुन्या मोटारी दुरुस्त करून विकण्याचा धंदा सुरू झाला. आज इथे डेटा सेंटर्सचा युरोपातल्या सर्वांत मोठ्या समूहांपैकी एक आहे. २०२२ साली हिलिंग्डन, ईलिंग आणि हाउन्स्लो भागांतल्या काही नव्या घरांना वीजजोड मिळायला २०३०च्या दशकाचा मध्य उजाडेल, असं बिल्डरांना कळवण्यात आलं. एम-४ लगतची डेटा सेंटर्स हे त्याचं एक मोठं कारण. आपली किती मंडळी याच पट्ट्यात राहतात, हे तुम्हाला सांगायला नको.

एवढी वीज जाते कुठे? प्रत्यक्ष आकडेमोडीपेक्षा पुष्कळदा ती जास्त लागते आकड्यांची ने-आण करायला. स्मृती एकीकडे, प्रोसेसर दुसरीकडे. पीठ एका घरात आणि तवा दुसऱ्या घरात ठेवून पोळ्या कराव्यात, तसा हा प्रकार. त्यातून नेहमीची डी-रॅम स्मृती भलतीच विसराळू. दर ६४ मिलिसेकंदांत तिला सगळं पुन्हा आठवून द्यावं लागतं. उरते ती उष्णता. (उष्णतेचे अदृश्य किरण विल्यम हर्शेलने १८०० साली याच स्लाऊत शोधले, हा निव्वळ योगायोग.)

स्मृती पूर्वी इतकी विसराळू नव्हती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या चमूने बांधलेला टिफ्रॅक १९६० साली सुरू झाला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. प्रत्येक बिटाला फेराइटची एक चिमुकली कडी, म्हणजे ८१,९२० कड्या, तारांत मण्यांसारख्या ओवलेल्या. वीज गेली तरी कडीचं चुंबकत्व राही. खोड एकच: वाचलं की पुसलं जाई, मग परत लिहा. १९७०नंतर स्वस्त सिलिकॉनने या कड्यांना बाजूला सारलं.

चुंबक परत आला तो इलेक्ट्रॉनच्या फिरकीमुळे. १९८८ साली फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्रुनबर्ग यांना दिसलं, की चुंबकी थरांच्या दिशा बदलल्या की विद्युतरोध झपाट्याने बदलतो. दोघांना २००७चं नोबेल मिळालं. आजच्या एम-रॅममध्ये दोन चुंबकी थरांमध्ये जेमतेम नॅनोमीटरभर ऑक्साइड असतं. दिशा जुळल्या तर रोध कमी, उलट असल्या तर जास्त. वाचताना पुसलं जात नाही, आणि जपायला वीजही लागत नाही.

मग स्मृतीतच बेरीज का करू नये? अडचण अशी, की या पेशींचा रोध फार कमी. प्रवाहांची बेरीज करायला जावं, तर वाचवायला निघालेली वीजच जास्त जळते. २०२२च्या जानेवारीत सॅमसंगच्या संशोधकांनी प्रवाहांऐवजी रोधांची बेरीज करून हे कोडं सोडवलं. त्यांच्या चिपने हाताने लिहिलेले अंक सुमारे ९३ टक्के अचूक ओळखले. माझ्या मते या क्षेत्रातली ती सर्वांत शहाणी युक्ती. पण ती जाळी होती ६४ गुणिले ६४, म्हणजे ४,०९६ पेशींची: टिफ्रॅकच्या कड्यांचा बरोबर विसावा हिस्सा.