मिन नदीच्या पात्रात

इसवी सनापूर्वी 256च्या आसपासचा हिवाळा. चीनच्या सिचुआनमध्ये मिन नदीच्या पात्रात, गुडघाभर गारठलेल्या पाण्यात तुम्ही उभे आहात. हातात बांबूच्या पट्ट्यांची, नळकांड्यासारखी लांब टोपली. तोंड तुम्ही धरायचं, पलीकडच्या गड्याने गोटे भरायचे. पट्टीची कड तळव्यात रुतते. भरलेली टोपली पात्रात आडवी टाकली, की पाणी तिच्या फटींतून सळसळत निघून जातं आणि टोपली जागची हलत नाही.

छिन राज्याचा इथला सुभेदार ली बिंग याला धरण नको आहे. नदीच्या मधोमध माशाच्या तोंडासारखं टोक काढायचं आणि तिचे दोन फाटे करायचे, एवढंच. आतला फाटा अरुंद नि खोल, बाहेरचा रुंद नि उथळ. पाणी कमी असलं की बरंचसं आतून शेतांकडे जातं. पूर आला की बाहेरचा फाटा जादा पाणी वाहून नेतो. दारं उघडायला-लावायला माणूस लागत नाही. वळणामुळे गाळसुद्धा बहुतेक बाहेरच्या फाट्यात जातो.

आतल्या फाट्याला शेतांकडे वाट मिळावी म्हणून खाली डोंगर फोडणं चालू आहे. सुरुंगाची दारू अजून जगात नाही. गडी खडकावर जाळ घालतात, तो तापला की गार पाणी ओततात आणि दगड तडकतो.

ताओवाद्यांचं ‘वू-वेई’, म्हणजे न-करणं, हे आळशांचं तत्त्वज्ञान वाटणाऱ्याला मी या पाण्यात आणून उभा करीन. कंबर मोडेपर्यंत कष्ट आहेत. नदीशी भांडण तेवढं नाही.

बांबू कुजणार, हे तुमच्या सोबतच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हिवाळ्यात पाणी अडवायचं, गाळ उपसायचा, कुजलेल्या टोपल्या काढून नव्या विणायच्या. आपली टोपली टिकावी असा कुणाचा हट्ट नाही. सोळाशे वर्षं पुढे चला. टोक एकदाचं पक्कं व्हावं म्हणून चौदाव्या शतकातला एक अधिकारी लोखंडाचं अवाढव्य कासव ओतून तिथे बसवतो. पूर तेही नेतो, आणि लोक पुन्हा बांबू विणायला बसतात.

आज ते टोक सिमेंटचं आहे. 2008च्या भूकंपात त्याला तडे गेले, तरी पाणी वाहत राहिलं. दुजियांगयान नावाच्या या व्यवस्थेवर अजूनही साडेसहा लाख हेक्टरांहून जास्त शेती भिजते.