पैनगंगेचे दोन तीर

आमच्या कामगार सभेत दर वर्षी एक तक्रार होते : आजची पोरे सभेला येत नाहीत, त्यांना चळवळीची चाड नाही. गेल्या वर्षी तर तरुणांचा अभ्यासवर्गच बंद करावा, असा ठराव आला. आम्ही विरोध केला. पण का, हे त्या दिवशी नीट सांगता आले नाही. ते आज सांगतो.

पोर विशीत आहे म्हणून येत नसेल. विशीत आम्हीही टूरिंग टॉकीजच्या तंबूतच अधिक सापडत असू. किंवा त्याच्या पिढीचे वळणच निराळे असेल. किंवा काळच असा आला असेल की म्हातारेही येईनासे झाले. गोम अशी की, चालू सनातून जन्मसन वजा केले की वय निघते. दोन गोष्टी ठरल्या की तिसरी आपोआप ठरते. आजचा विशीतला आणि आजचा साठीतला शेजारी उभे केले, तर वय आणि पिढी यांची सरमिसळ होते. आमच्या नोंदवहीतला १९९० सालचा विशीतला आणि आजचा विशीतला घेतला, तर पिढी आणि काळ यांची. एकाच माणसाला तीस वर्षे न्याहाळले, तर वय आणि काळ यांची.

म्हणून जेथे एकच सन सर्वांना सारखे गेले नाही, तेथे पाहावे. अशी जागा आपल्या दाराशीच आहे. १८५३ साली वऱ्हाड प्रांत इंग्रजी अंमलाखाली गेला. उमरखेड त्यात आले; पैनगंगेपलीकडचे हदगाव निजामाकडे राहिले. १९२५ च्या सुमारास दोन तीरांवर जन्मलेली दोन पोरे घ्या. वय तेच, जन्मसन तेच, घरची बोलीही जवळपास तीच. पण पलीकडे सरकारी कारभार उर्दूत. १५ ऑगस्ट १९४७ ला अलीकडे स्वातंत्र्य आले. पलीकडच्याने रझाकारांच्या दहशतीत १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहिली. पुढे म्हातारपणी हे दोघे सरकारविषयी निराळे बोलू लागले, तर तो फरक वयाच्या माथी कसा मारणार? दोन तीरांत इतरही भेद होते, त्यांची वजावट करावी लागेल, हे खरेच.

आणि काळाचा घाव तरी सर्वांवर सारखा कुठे बसतो? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पन्नाशीतल्याची उभी हयात त्यात गेली. पंचविशीतला दुसरे काम शोधू शकत होता. पाळण्यातल्याने पुढे संप हा शब्द ऐकला तो हरल्याच्या गोष्टीतच. तेथे काळाचीच पिढी झाली.

घरी येऊन आम्ही नोंदवही उघडली. अभ्यासवर्ग सायंकाळी सहाला. आजची बहुतेक पोरे कंत्राटी, त्यांची पाळी आठला सुटते. १९९० साली आमची पाचला सुटत असे. वर्ग आता साडेआठला भरतो. ठराव मात्र अजून मागे घेतलेला नाही.