आजाऱ्याला खाऊ घालण्याची रीत

विदर्भात घरातलं माणूस दवाखान्यातून परत आलं की चुलीवर आधी खायचं काहीतरी चढतं. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, तुपातला शिरा, मांसाहारी घरात पायाचा रस्सा. भेटायला येणारे सफरचंदं, बिस्किटं आणि दुधात घालायच्या पावडरीचे डबे आणतात. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या बाईच्या वाट्यालाही हेच येतं आणि ते मायेपोटीच येतं. केमोथेरपीच्या महिन्यांत अनेकींचं वजन वाढतं. सुरुवातीला घरच्यांना तो शुभशकुन वाटतो: चेहरा भरला, म्हणजे औषध लागू पडलं. वर्षभरानंतर चित्र पालटतं. पाळी थांबलेली असते, रात्री अंगाला दरदरून घाम फुटतो, सांधे धरतात आणि चढलेले किलो उतरायचं नाव घेत नाहीत. मग दोष द्यायला कोणीतरी हवं असतं. कोणी त्या बाईच्या आळसाला नावं ठेवतं, कोणी रोजच्या हार्मोनच्या गोळीला. दोन्ही आरोप चुकीचे आहेत, असं माझं मत आहे. खाऊ घालण्याच्या या रीतीला इतिहास आहे. तो नीट पाहिला, तर तिच्यातलं काय राखायचं आणि काय बदलायचं, हेही त्यातूनच कळतं.

ही रीत अडाणीपणातून आलेली नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी जुन्या मध्य प्रांताची दैना केली. त्यात पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातला हिवताप आणि गावोगावचा क्षय. अशा मुलखात आजार म्हणजे झिजणं, आणि बरं होणं म्हणजे अंग धरणं. डोळ्यांना दिसणारा दुसरा पुरावा लोकांजवळ नव्हता. डॉक्टरांचं शास्त्रही तेव्हा हेच सांगत होतं. क्षयाच्या आरोग्यधामांत विश्रांती, दूध, अंडी आणि मोकळी हवा हाच उपचार होता आणि वजनाचा तक्ता हेच प्रगतिपुस्तक. या समजुतीला पहिला मोठा तडा गेला तोही भारतातच. १९५६ साली मद्रासमध्ये वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली एक चाचणी सुरू झाली. क्षयाच्या काही गरीब रुग्णांना आरोग्यधामात ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच गोळ्या दिल्या. १९५९ साली निष्कर्ष आले. आरोग्यधामातल्या रुग्णांना खायला चांगलं मिळालं, त्यांचं वजनही जास्त वाढलं. पण बरं होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. रोग हटवला होता औषधांनी. वजन वाढणं आणि रोग बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याच देशात साठाहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झालं. घरातल्या रीतीपर्यंत मात्र ते पोचलं नाही.

स्तनाच्या कर्करोगाची कथा तर त्याहून उलटी आहे. मध्य प्रांतात दुष्काळ पडला त्याच १८९६ साली ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की अंडाशय काढल्यावर स्तनातली पसरलेली गाठ काही स्त्रियांत आक्रसते. गाठ शरीराच्याच एखाद्या रसावर पोसली जात असावी, ही कल्पना तिथून रुजली. पुढे शिकागोत एलवुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेनला पेशीत पकडून ठेवणारा ग्राही शोधला. १९६२ साली इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी टॅमॉक्सिफेन तयार केलं. ते मुळात गर्भनिरोधक म्हणून हवं होतं. त्या कामी ते अपयशी ठरलं आणि १९७० च्या दशकात कर्करोगाचं औषध म्हणून उभं राहिलं. त्याच दशकात, १९७६ साली, इटलीच्या बोनाडोना यांनी शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची केमोथेरपी दिल्यास रोग उलटण्याचं प्रमाण घटतं हे दाखवलं. आणि लगेच, दशक संपायच्या आतच, या औषधांवर असलेल्या बायकांचं वजन वाढत असल्याच्या नोंदी येऊ लागल्या. कर्करोगाने माणूस खंगतो असंच शिकलेल्या वैद्यकाला हे अनपेक्षित होतं.

नागपुरात या उपचारांची घडी याच सुमारास बसत होती. १९४७ साली निघालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे साऱ्या शहराचं ‘मेडिकल’, होतंच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगानेच गेले. त्यांच्या नावाचं प्रादेशिक कर्करोग रुग्णालय मानेवाडा रस्त्यावर उभं राहिलं आणि विदर्भासोबत बालाघाट, छिंदवाडा, छत्तीसगडकडच्या रुग्णांचाही आधार झालं. १९८० साली इंडियन कॅन्सर सोसायटीने नागपुरात कर्करोगाची नोंदणी सुरू केली. अलीकडे जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट झालं. देशातल्या इतर मोठ्या शहरांप्रमाणे नागपुरातही आज स्त्रियांच्या कर्करोगात स्तनाचा कर्करोग पुढे आहे. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, म्हणून उपचार सुरू होतात तेव्हा कितीतरी बायकांची पाळी अजून चालू असते. केमोथेरपी अंडाशयांना थकवते आणि निसर्गाने चार-सहा वर्षांत सावकाश केलं असतं ते चार-सहा महिन्यांत उरकलं जातं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असताना, कूलरसमोर बसूनही आतून उठणाऱ्या वाफा सोसणाऱ्या बाईला झोप लागत नाही. झोप नाही म्हणून दिवसभर अंग मोडून येतं आणि हालचाल आणखी कमी होते.

वजन का वाढतं, याचं उत्तर एकपदरी नाही. केमोथेरपीच्या काही औषधांआधी आणि मळमळ थांबवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याने भूक आणि रक्तातली साखर दोन्ही वाढतात. थकव्यामुळे बाई पडून राहते. पाळी गेल्याने चरबी पोटाकडे सरकते. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट काट्यावर दिसतच नाही: या काळात चरबी वाढते आणि स्नायू मात्र घटतात. एरवी वजन वाढलं की थोडे स्नायूही वाढतात, इथे तसं होत नाही. आपल्याकडे हा धोका मुळातच जास्त असतो, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला पटवून दिलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबरचा स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबी दडलेली असते. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतच तयार होतं, आणि हार्मोनवर पोसल्या जाणाऱ्या गाठीच्या बाबतीत हे विसरून चालत नाही. म्हणूनच आपल्या बायकांसाठी बीएमआय २३ आणि कंबर ८० सेंटिमीटर या मर्यादा पाश्चात्त्य आकड्यांपेक्षा आधीच सावध करतात.

आता गोळीवरचा आरोप. टॅमॉक्सिफेन किंवा ॲनास्ट्रोझोल ही रोजची हार्मोनची गोळी सुरू झाल्यावर वजन वाढलं, असं अनेकजणी सांगतात. त्यांचा अनुभव खरा असतो, कारण मात्र बहुधा दुसरं असतं. कर्करोग नसलेल्या, पण धोका जास्त असलेल्या हजारो स्त्रियांना पाच वर्षं यातली एक गोळी किंवा औषध नसलेली नकली गोळी देणाऱ्या आयबिस चाचण्यांत वजन दोन्ही गटांत साधारण सारखंच वाढलं. म्हणजे वाढीचा मोठा वाटा वयाचा, थांबलेल्या पाळीचा आणि घटलेल्या हालचालीचा. हे बारकाईने सांगायला हवं, कारण वजनाच्या भीतीने गोळी परस्पर बंद करणं जिवावर बेतू शकतं. हार्मोन ग्राही असलेल्या कर्करोगात पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने त्या रोगाने होणारे मृत्यू पंधरा वर्षांच्या काळात सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हा २०११ साली छापला गेलेला, अनेक चाचण्यांच्या एकत्रित आकड्यांवर उभा असलेला निष्कर्ष आहे. घाम, सांधेदुखी, मन उतरणं असह्य झालं तर डॉक्टर औषध बदलू शकतात, त्रासावर उपाय देऊ शकतात. ते डॉक्टरांना सांगितलं मात्र पाहिजे.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा असा आहे. डॉक्टर म्हणतील: आमच्याकडे येणाऱ्या बायका आधीच वाळलेल्या, रक्त कमी असलेल्या, उशिरा आलेल्या; त्यांच्यापुढे वजनवाढीची चिंता म्हणजे शहरी चोचला. गडचिरोली-गोंदियाकडून येणाऱ्या कितीतरी जणींना हे लागू आहे, आणि त्यांना कमी खा असं सांगणं क्रूरपणाचं ठरेल. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, उलट तो पक्का करतो. वाळलेल्या बाईलाही स्नायूच हवे असतात आणि तेही लाडवाने मिळत नाहीत. उपचारांच्या काळात शरीराला दर किलो वजनामागे दिवसाला एक ग्रॅमहून अधिक, दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं लागतात असं पोषणतज्ज्ञ सांगतात. ५५ किलोच्या बाईला ५५ ते ८० ग्रॅम. डिंकाच्या लाडवात तूप आणि गूळ भरपूर, प्रथिनं नावाला. शतावरी कल्पात मुख्यतः साखर, शिवाय अशी कोणतीही वनस्पती आपण घेतो हे डॉक्टरांना माहीत असायला हवं. घट्ट वरण, अंडी, मासे, दही, मोड आलेली मटकी, चण्याच्या पिठाचं झुणकं आणि ज्वारीची भाकर हे विदर्भाचंच रोजचं अन्न आहे. वाळलेलीला ते वाढवून द्यावं; वजन चढत असलेलीला तेच द्यावं आणि तूप-साखर आवरावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून.

विदर्भात पिकणाऱ्या सोयाबीनला या बायका घाबरतात, कारण त्यात इस्ट्रोजेनसारखा अंश असतो असं त्यांनी ऐकलेलं असतं. शांघायमधल्या ५,०४२ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात सोयाचे पदार्थ जास्त खाणाऱ्यांत मृत्यू आणि रोग उलटणं दोन्ही कमी आढळलं. तेव्हा सोयाच्या वड्यांची भाजी भीतीपोटी ताटातून काढायचं कारण नाही. मात्र एखादा पदार्थ तारून नेईल ही आशाही धरू नये. अमेरिकेत ३,०८८ स्त्रियांना भाजी-फळांचा मोठा मारा असलेला आहार देणारी एक चाचणी झाली. वजन हललं नाही आणि रोग उलटण्याचं प्रमाणही घटलं नाही. कमी चरबीच्या आहाराच्या दुसऱ्या एका चाचणीत वजन थोडं उतरलं आणि रोग उलटणं काहीसं कमी दिसलं. जास्त वजनाच्या स्त्रियांत रोग उलटण्याचा धोका अधिक असतो, हे पुष्कळ अभ्यासांनी दाखवलं आहे. वजन उतरवल्याने तो किती घटतो, हे अजून पुरतं ठरलेलं नाही. एवढं प्रामाणिकपणे सांगूनही वजनाकडे लक्ष देण्याची कारणं उरतातच. मधुमेह, हृदयविकार, गुडघे आणि आरशात स्वतःला पाहण्याचं धैर्य ही काही लहान कारणं नाहीत.

वजन उतरवण्याची एक चळवळ तर नागपूरच्याच मातीतली आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी इन्सुलिन आणि वारंवार खाणं यांचा संबंध आपल्या व्याख्यानांतून सांगितला. त्यांच्या निधनानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तोच धागा धरून दिवसात दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची योजना घरोघरी नेली. लाखो मराठी माणसांना खाण्याचा विचार करायला या मोहिमेने लावलं, हे मोठं काम आहे. पण ती योजना लठ्ठपणा आणि मधुमेहासाठी मांडलेली आहे. केमोथेरपी चालू असलेल्या, दोन घास नीट न जाणाऱ्या, स्नायू गमावत असलेल्या बाईने ती शेजारणीच्या सांगण्यावरून सुरू करू नये. तिला थोडं थोडं खाऊन दिवसाची प्रथिनं भरून काढायची असतात. दोनदाच जेवण्याचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच व्हावा.

आणि हालचाल. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताने काही उचलू नका, हात सुजेल, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. २००९ साली अमेरिकेतल्या कॅथरिन श्मिट्झ यांच्या चाचणीने दाखवलं, की देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने हाताची सूज बळावत नाही. तरीही घराघरांत जुनाच सल्ला चालतो. नागपूरसारखं शहर या बाबतीत भाग्यवान आहे. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाच्या परंपरेने इथे पहाटेचे विनामूल्य योगवर्ग रुजवले आहेत; उन्हाळ्यातही सूर्य वर यायच्या आत चालायला, वाकायला, हात उचलायला या शहराला शिकवावं लागत नाही. त्यात दोन पाण्याच्या बाटल्या हातात धरून करायच्या व्यायामाची भर पडली, की स्नायूंचं कामही होतं. सुरुवात कधी आणि कितपत करायची, ते मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावं.

रुग्णालयांकडे मागणं एवढंच आहे. केमोथेरपीची मात्रा ठरवायला प्रत्येक वेळी वजन आणि उंची पाहिली जातेच. त्याच कागदावर कंबरेचं माप, शेवटच्या पाळीची तारीख आणि रोजच्या प्रथिनांचा अंदाज यांसाठी तीन ओळी वाढवाव्यात, आणि तो कागद आहारतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्टच्या टेबलावर पहिल्या आठवड्यातच जावा, उपचार संपल्यावर नव्हे. घरच्यांनी खाऊ घालणं थांबवू नये. लाडवाच्या डब्याच्या जागी उकडलेली अंडी, दही आणि उसळ ठेवावी, संध्याकाळी तिच्यासोबत गल्लीचा एक फेरा मारावा. आणि कोणी काहीही सांगितलं तरी हार्मोनची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नये.