दारे, खिडक्या आणि आपण



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असे अध्यक्षबाईंनी मला सुचविले. मी सातवीपर्यंत शिकलेली. राजेरजवाड्यांचा आणि लढायांचा इतिहास माझ्याहून अधिक शिकलेल्या भगिनींनी लिहावा. मी रोज ज्याला हात लावते त्याचाच इतिहास लिहिणार आहे, म्हणजे घराच्या दाराचा आणि खिडकीचा. पहाटे कडी आपण काढतो, उंबऱ्याला हळदकुंकू आपण वाहतो, सणाला तोरण आपण बांधतो. पण दार कोठे ठेवायचे आणि खिडकी केवढी करायची, हे ठरविताना आपल्याला कोणी फारसे विचारीत नाही. आमचे घर बांधले तेव्हाही मिस्त्रीने सारे घरातल्या पुरुषांनाच विचारले. म्हणून हा विषय घेतला आहे.

प्रथम नावे पाहू. दाराभोवतीचे लाकडी बांधणे म्हणजे चौकट. तिच्या खाली उंबरा, दोन अंगांना दोन उभ्या बाह्या आणि वर आडवी गणेशपट्टी. तिच्यावर गणपती कोरण्याची रीत होती, म्हणून तिला हे नाव पडले. उघडझाप होते ती फळी. दार एका फळीचे असते किंवा दोन फळ्यांचे. खिडकीच्या फळीला झडप म्हणतात, तिच्यातील काचेला तावदान आणि उभ्या सळयांना गज. आज फळी चौकटीला बिजागरीने जोडतात. जुन्या वाड्यांतून पुष्कळ दारांना बिजागरी दिसत नाही. तेथे फळीच्या एका कडेला वर आणि खाली लाकडाचीच जाड खुंटी राखीत. वरची खुंटी चौकटीच्या खोबणीत बसे, खालची उंबऱ्याजवळच्या खळग्यात, आणि सगळे दार त्या दोन खुंट्यांवर फिरे. त्यामुळे ते करकरत असे. चोर आला तर दारच हाक मारील, असे जुनी माणसे गमतीने म्हणत.

दार लावण्यासाठी कडी आणि कोयंडा असे, आणि आतून अडसर. अडसर म्हणजे भिंतीतल्या भोकात सरकणारा जाड वासा. दिवसा तो भिंतीत ढकलून देत आणि रात्री ओढून दारामागे आडवा घालीत. कामात आड येणाऱ्या माणसाला आपण अडसर म्हणतो, तो शब्द या वाशावरून आला.

हे झाले वाड्याचे. गरिबाच्या घराला चौकट कोठली? आपला कपाशी-तुरीचा मुलूख. कुडाच्या घराला बांबूच्या कामट्यांची किंवा तुराट्यांची ताटी असे. तिला बिजागरी नाही, कुलूपही नाही. ज्ञानदेव लोकांच्या बोलण्याने दुखावून आत बसले, तेव्हा मुक्ताबाईंनी दाराबाहेर उभे राहून त्यांची समजूत घातली अशी कथा आहे. त्या अभंगांना ताटीचे अभंग म्हणतात. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या बहिणीपुढे बंद होते ते असे साधे दार.

मोठ्या दारांचा थाट वेगळा. गढीच्या किंवा वाड्याच्या दरवाजातच माणूस वाकून जाईल एवढे एक लहान दार असते, ती दिंडी. मोठा दरवाजा बंद ठेवून दिंडीतून एकेकाला आत घेता येई. पुण्याचा शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात बांधला गेला. त्याच्या दिल्ली दरवाजाला अशी दिंडी आहे, आणि हत्तीने धडक देऊ नये म्हणून फळ्यांवर लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत. आपल्या शेजारच्या अमरावतीला निजामाच्या अमलात १८०७ मध्ये पेंढाऱ्यांच्या भीतीने परकोट बांधावयास घेतला. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. ही खिडकी हवेसाठी नव्हती. माणसाने पायी जावे असे ते परकोटातील लहान दार होते. माताखिडकी हे नाव अमरावतीकरांच्या तोंडी अजून आहे. म्हणजे खिडकी हा शब्दसुद्धा पूर्वी दाराचाच धाकटा भाऊ होता.

हवेच्या खिडकीला संस्कृतात दोन सुंदर नावे आहेत. एक वातायन, म्हणजे वाऱ्याची वाट. दुसरे गवाक्ष, म्हणजे बैलाचा डोळा. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यात दाराच्या वर घोड्याच्या नालासारखी भव्य खिडकी आहे. तिच्यातून येणारा उजेड थेट आतल्या स्तूपाकडे जातो. तेथील छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत असे सांगतात. चांगले लाकूड किती टिकते याची ही साक्ष आहे. आपल्या विदर्भाच्या सागवानाचे नावही काही लहान नाही. २०२३ मध्ये दिल्लीला नवे संसद भवन उघडले, त्याचे सागवान नागपूरहून गेले होते.

आता घरात येऊ. आपल्याकडचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. त्याच्यापासून बचाव व्हावा म्हणून जुनी घरे जाड मातीच्या भिंतींची, आणि खिडक्या लहान व उंचावर. चोराचे भय होते, आणि लेकीसुनांवर बाहेरच्याची नजर पडू नये हाही हेतू होता. घरात जी काही मोठी खिडकी असे, ती पुढच्या बैठकीला. स्वयंपाकघर मागे, अंधारात, आणि त्याला भिंतीत एखादे धुराडे. ज्या खोलीत सर्वांत अधिक विस्तव आणि धूर, तिलाच सर्वांत कमी हवा. आपल्या आज्या-पणज्यांचे डोळे त्या धुरात गेले. वर्ध्याला मगनवाडीत १९३४ नंतर ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. तेथे मगन चूल निघाली, तिचा धूर नळीने घराबाहेर जाई. आपल्याच गावच्या लोकांनी हा विचार केला, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

आपल्या जिल्ह्यातील दोन दारांविषयी मला विशेष सांगावयाचे आहे.

पहिले वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराचे. हे मंदिर बजाज घराण्याचे. दलित बांधवांना तेव्हा मंदिराचा उंबरा ओलांडता येत नसे. सनातनी मंडळींचा विरोध असतानाही जमनालालजींनी १९ जुलै १९२८ रोजी हे मंदिर सर्वांना खुले केले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, तेव्हा तेथील दरवाजे बंद करून घेण्यात आले. तो लढा पुढे काही वर्षे चालला. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून सानेगुरुजींना १९४७ मध्ये उपोषणास बसावे लागले. यावरून वर्ध्याचे ते दार किती लवकर उघडले हे ध्यानात येते.

दुसरे दार सेवाग्रामचे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला आले. त्याच गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. झोपडी गावच्याच सामानाची असावी, गावच्याच कारागिरांनी बांधावी आणि खर्च शंभर रुपयांवर जाऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. लाकूड, बांबू, माती आणि कवेलू यांचे ते काम आजही पाहावयास मिळते. पहिले घर आदि निवास. त्यात गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, पाहुणे, सारे एकत्र राहत. सारखी पुरुषांची ये-जा. बांना कपडे बदलायला, घटकाभर पाठ टेकायला स्वतःची अशी जागा नव्हती. ही अडचण जमनालालजींच्या ध्यानी आली, आणि त्यांनी बांसाठी निराळी कुटी बांधून दिली. तीच बा कुटी.

सेवाग्रामला जाणारे पाहुणे बापू कुटीपुढे बराच वेळ थांबतात आणि बा कुटी पाहता पाहता पुढे जातात. मी मात्र तेथे थांबते. मंदिराचे दार सर्वांना उघडले पाहिजे हे खरेच. पण दिवसभर सर्वांसाठी राबणाऱ्या बाईला लावून घेता येईल असेही एक दार हवे. कस्तुरबांसारख्या त्यागी बाईलाही ते हवे होते, तर आपण ते मागितले म्हणून लाजण्याचे कारण काय?

आज हे मागण्याची वेळ आली आहे. २०१६ पासून खेड्यांत प्रधानमंत्री आवास योजनेची घरकुले होत आहेत. घर निदान २५ चौरस मीटरचे, त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली, आणि ते पत्नीच्या किंवा पती-पत्नी दोघांच्या नावावर करण्याची तरतूद आहे. कागदावर आपले नाव आहे, तर भिंती उभ्या होत असताना आपणही तेथे उभे राहिले पाहिजे. मिस्त्रीचे शब्द अवघड नाहीत. दारा-खिडकीवरचे वजन झेलणारी सिमेंट-सळईची तुळई म्हणजे लिंटेल. पूर्वी तेथे जाड लाकूड किंवा विटांची कमान असे. खिडकीवर पुढे काढलेला पत्रा किंवा सिमेंटची फळी म्हणजे छज्जा. पावसाची झड आणि दुपारचे ऊन तो अडवितो, म्हणून पश्चिमेच्या खिडकीला तो अवश्य हवा. वारा खेळावा असे वाटत असेल तर दारासमोर किंवा खिडकीसमोर दुसरी खिडकी पाहिजे. तापलेली हवा वर चढते, तिला जाण्यासाठी भिंतीत उंचावर झरोका ठेवावा. पण गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून गॅस असलेल्या स्वयंपाकघरात खालीही हवेला वाट ठेवावी. चौकट लाकडाची असेल तर तिला उदई लागू नये म्हणून भिंतीत जाणारी बाजू आधी रंगवून घ्यावी. घरात म्हातारे माणूस असेल तर उंबरा फार उंच करू नये.

जुने वाडे पडत आहेत. त्यांच्या चौकटी कोणी विकत नेतो, कोणी चुलीत घालतो. नव्या सरकत्या खिडक्यांबरोबर अडसर, दिंडी, गणेशपट्टी हे शब्दही जातील. माझी सूचना अशी की, प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या आळीतील एका जुन्या दाराची माहिती, ते कोणत्या लाकडाचे, त्याच्या कोणत्या भागाला घरची मंडळी काय म्हणतात, हे वहीत लिहून मंडळात आणावे. म्हाताऱ्या सुतारांना विचारावे, ते आनंदाने सांगतात. आणि ज्या भगिनीचे घरकुल यंदा मंजूर झाले असेल, तिने पाया भरण्यापूर्वी मिस्त्रीला बोलावून स्वयंपाकघराची खिडकी कोठे हवी ते स्वतः खडूने आखून दाखवावे.