पान्हा फुटताना पडणारा खड्डा

पान्हा फुटताना आईचं मन भरून येतं, असं आपण ऐकत आलो. माझी मुलगी इंदूरला झाली, तेव्हा माझं उलटंच व्हायचं. तिला जवळ घेतलं की दूध उतरण्याच्या काही क्षण आधी पोटात खड्डा पडायचा, कुणी गेल्याची बातमी यावी तसा. दोन मिनिटांत सगळं ओसरायचं, पुढच्या वेळी पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली असेल. मी पुढे बोललेच नाही. आपल्याला आपलं मूल नकोसं झालंय की काय, हीच धास्ती.

दुधाचं शास्त्र तेव्हा काही नवं नव्हतं. पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं, हे हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखवलं. १९१० मध्ये ऑट आणि स्कॉट यांनी तसाच अर्क शेळीला टोचला आणि दूध वाहू लागलं. हेच ते ऑक्सिटोसिन.

मग १९४८ चा प्रयोग. अमेरिकेतल्या मायकेल आणि नाइल्स न्यूटन या नवराबायकोचा; आणि त्यातली आई खुद्द नाइल्सच! पाजताना पाय बर्फाच्या पाण्यात, मध्येच पायाचं बोट ओढायचं, गणितं विचारायची. बाळाला मिळणारं दूध सरासरी १६८ ग्रॅमवरून ९९ वर आलं. तोच छळ, पण ऑक्सिटोसिन टोचून, तर १५३. मन बिघडलं की पान्हा अडतो, हे मोजून झालं. आपल्या आज्यांना ते न मोजताच ठाऊक होतं म्हणा.

पण पान्ह्यानेच मन बिघडतं का? हे विचारायला पुन्हा एका आईलाच यावं लागलं. अमेरिकेतल्या स्तनपान सल्लागार आलिया मॅक्रिना हाइझ यांना स्वतःलाच हा त्रास झाला. २०११ मध्ये त्यांनी डायान विसिंजर यांच्यासह अशा एका आईची हकीकत शोधपत्रिकेत छापली. त्याला आता डी-मर म्हणतात. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन एरवी डोपामिनच्या दाबाखाली असतं. ते वाढायचं तर डोपामिन उतरावं लागतं. काही बायकांत ही उतरण फार तीव्र होत असावी, असा अंदाज आहे. बाळंतपणानंतरचं नैराश्य वेगळं, ते दिवसभर पाठ सोडत नाही. हे पान्ह्याबरोबर येतं आणि जातं.

मागच्या वर्षी मुलीला बाळ झालं. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "पाजताना मध्येच कसंतरी होतं का गं?"

"नाही. का?"

मग तिला पहिल्यांदा सांगितलं.