नादाची जाति आणि मापकाचा कांटा

नादाचे तीन गुण आमच्या संगीतशास्त्रांत सांगितलेले आहेत: लहानमोठेपणा, उंचनीचता आणि जाति. तंबोरा व सारंगी एकाच षड्जांत आणि एकाच जोरानें वाजलीं, तरी डोळे मिटून बसलेल्या श्रोत्यास तीं निराळीं ओळखूं येतात, तें या तिसऱ्या गुणामुळें. हे गुण परस्परांपासून स्वतंत्र आहेत असें आपण सामान्यतः धरून चालतों, आणि बहुतेक वाद्यांपुरतें तें ढोबळ मानानें खरेंही आहे. परंतु गेल्या शतकाच्या मध्यास असें एक वाद्य पुढें आलें कीं, त्याचा लहानमोठेपणा बदलला म्हणजे त्याची जातिही बदलून जाते. तें वाद्य म्हणजे विजेची गिटार. तिच्या या स्वभावामुळें ध्वनिमुद्रणाच्या खोलींत जो तंटा उपस्थित झाला, त्याची हकीकत वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या गिटारीचा आवाज तिच्या तारेंत अर्धाच असतो असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. पोलादी तारेच्या कंपनानें चुंबकाभोंवतालच्या वेटोळ्यांत अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. अँप्लिफायरांतील व्हॉल्व्ह तो वाढवितात आणि लाउडस्पीकर त्याचा ध्वनि करतो. व्हॉल्व्हच्या शक्तीला मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या आंत तो आलेल्या प्रवाहाची बहुतेक हुबेहूब मोठी प्रतिकृति देतो. त्यापलीकडे रेटला कीं लाटांचे माथे चेपले जातात आणि मूळ प्रवाहांत नव्हते असे उपस्वर उमटूं लागतात. स्वर दाट होतो, किंचित् खरखरतो आणि लांबवर रेंगाळतो. यंत्रज्ञाच्या भाषेंत हा निव्वळ दोष. परंतु मिरजेच्या कारागिरास तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतांना ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस वादकाचें म्हणणें समजण्यास अडचण पडूं नये. तारेखालचें सूत केसभर मागेंपुढें सरकवून जो झंकार तो कारागीर शोधीत असतो, तोही तार घोडीस निसटती लागत राहिल्यामुळेंच उत्पन्न होतो. तें सूत ओढून काढून 'आतां आवाज स्वच्छ झाला' असें म्हणणाऱ्या गृहस्थास आपण काय म्हणूं?

हा दोष गुण म्हणून प्रथम पदरीं पडला तो अपघातानें. 1951 सालीं अमेरिकेंतील मेंफिस शहरीं सॅम फिलिप्स यांच्या लहानशा ध्वनिमुद्रणगृहांत आइक टर्नर यांचा ताफा 'रॉकेट 88' हें गीत मुद्रित करण्यास आला, तेव्हां गिटारवादक विली किझार्ट यांच्या अँप्लिफायरला प्रवासांत इजा झाली होती. फाटक्या लाउडस्पीकरांत कागद कोंबून काम भागविण्यांत आलें. निघालेला घरघरता स्वर फिलिप्स यांस आवडला आणि त्यांनीं तो झांकून न ठेवतां पुढें आणला. पुढें दहा वर्षांनीं नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोंट वरी' या गीताच्या वेळीं तर वाद्य व अँप्लिफायर दोन्ही निर्दोष असून, मुद्रण करणारें यंत्रच बिघडलें. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकानें त्या बिघाडाचा अभ्यास करून तोच परिणाम हुकमी घडविणारें मंडल तयार केलें, आणि 1962 सालीं गिब्सन कंपनीनें तें 'मॅस्ट्रो फझ-टोन' या नांवाच्या पेटींत बाजारांत आणलें. दोष विकत घेण्याची ही सोय पाहून त्या काळच्या किती यंत्रज्ञांनीं कपाळास हात लावला असेल!

तथापि खरा प्रश्न या पेट्यांनीं सुटला नाहीं. तो ऐरणीवर आला 1966 सालीं, लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेड भागांतील डेक्का कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत. जॉन मेयॉल यांच्या 'ब्लूजब्रेकर्स' या ताफ्याची मुद्रिका व्हावयाची होती. गिटारवादक एरिक क्लॅप्टन हा तेव्हां विशी-एकविशीचा तरुण. त्याच्याजवळ गिब्सनची लेस पॉल गिटार होती आणि मार्शल बनावटीचा एक अँप्लिफायर. रात्रीच्या जलशांत तो जितक्या जोरानें वाजवीत असे, तितक्याच जोरानें येथेंही वाजवूं लागला. ध्वनिमुद्रक गस डजन यांनीं आवाज कमी करण्यास सांगितलें. क्लॅप्टननें तें मानलें नाहीं. निर्माते माइक व्हर्नन यांनीं वादकाची बाजू घेतली, मायक्रोफोन दूर नेण्यांत आला, आणि काम पुढें चाललें.

डजन यांस अरसिक ठरविणें अन्यायाचें होईल. ध्वनिमुद्रकाची सारी शिस्त एका कांट्यावर उभी असते. मापकाचा कांटा तांबड्या रेषेपलीकडे गेला म्हणजे टेप बिघडली, आणि टेप बिघडली म्हणजे जबाबदारी त्याची. परंतु कांटा सांगतो तो केवळ लहानमोठेपणा. जातीविषयीं तो मुका असतो. त्यामुळें कांटा आवरावयाचा तो कोठें, हा विवेक माणसासच करावा लागतो. वादकानें आपल्या अँप्लिफायरची कळ उतरविली, तर व्हॉल्व्ह मर्यादेच्या आंत येतात, लाटांचे माथे चेपले जाण्याचें थांबतें, आणि मुद्रणांत येतो तो निराळाच, पातळ स्वर. मागाहून तो कितीही मोठा केला तरी पूर्वीची जाति परत येत नाहीं. उलट मुद्रण करणाऱ्या यंत्राची कळ उतरविली तर जाति शाबूत राहून केवळ मोठेपणा घटतो. मायक्रोफोन दूर नेण्यानेंही मोठेपणा घटतो. मात्र खोलीचा प्रतिध्वनि त्यांत मिसळतो, आणि तो कधीं हवासा असतो, कधीं नको असतो. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यासाठीं एका तरुणास हट्टास पेटावें लागलें. ती मुद्रिका 1966 च्या जुलैंत प्रसिद्ध झाली, आणि तिच्यांतील गिटारीचा स्वर पुढील पिढीच्या वादकांस कित्ता झाला. त्या अँप्लिफायरचा कारखान्यांतील क्रमांक 1962 असा होता (हें साल नव्हे, यावरून अनेकांचा घोटाळा होतो). लोकांनीं मात्र त्यास मुद्रिकेवरून 'ब्लूजब्रेकर' हेंच नांव दिलें.

दोन वर्षांनीं, 1968 च्या जुलैंत, बीटल्स मंडळीनें उलट टोंक गांठलें. 'रेव्होल्यूशन' या गीतासाठीं अँप्लिफायर व मायक्रोफोन दोन्ही बाजूस सारून त्यांची गिटार थेट मुद्रणयंत्रांतच जोडली गेली, आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनीं तेथील दोन वर्धक एकापुढें एक जोडून ते मर्यादेबाहेर रेटले. कंपनीच्या नियमांत हें बसणारें नव्हतें. तो कर्कश स्वर आम्हांस स्वतःस फारसा रुचत नाहीं. परंतु तो चुकून आलेला नव्हे, जाणून आणलेला आहे, हें कबूल केलें पाहिजे.

पुढें टेप गेली आणि संगणक आला. टेप अपराध पोटांत घालणारी होती. थोडा जोर अधिक झाला तर ती लाटांचे माथे हळुवार वांकवी. संगणकाची मोजणी शून्य डेसिबलला संपते आणि त्यापुढें लाट करवतीनें कापल्यासारखी सपाट होते. आरंभींच्या 16 बिटांच्या मोजणींत सर्वांत मोठ्या व सर्वांत बारीक ध्वनींत सुमारें 96 डेसिबलचें अंतर मिळे, म्हणून ध्वनिमुद्रक शून्याच्या शक्य तितके जवळ जात. 24 बिटांत तें अंतर, निदान हिशोबानें, 144 वर गेलें. शिखरें शून्याखालीं दहाबारा डेसिबल ठेवलीं तरी कांहींच हरवत नाहीं. पण संवय ही कारणापेक्षां दीर्घायुषी असते. कांटा माथ्यास भिडविण्याची ती जुनी धडपड अजूनही कित्येकांच्या हातून सुटलेली नाहीं.

आज तर अँप्लिफायरही संगणकांतच उतरला आहे. गिटार थेट जोडावी, व्हॉल्व्हच्या वागणुकीचें गणित संगणकानें करावें, आणि मध्यरात्रीं शेजाऱ्यांची झोप न मोडतां 1966 चा तो दाट स्वर कानाच्या यंत्रांत ऐकावा, अशी सोय झाली आहे. मात्र त्या गणितास गिटारीचा प्रवाह किती जोराचा पोंचला, यावर लाटांचे माथे केव्हां चेपावयाचे हें ठरतें. येणारा प्रवाह फार क्षीण ठेवला तर स्वर पातळ निघतो, आणि नवखा वादक दोष देतो तो गिटारीस.